टाकळ्यावरची तीन, शिरीषावरचं एक आणि ९६.४ टक्के: नवीन प्रजाती सापडली की माझं काहीतरी चुकलं?

भिरभिऱ्या_चिपळूण

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे हे आधीच सांगतो, चहा घेऊनच बसा.

श्रावणाच्या तोंडावर आई टाकळ्याची भाजी निवडत होती, आणि 'ही बघ तुझी मंडळी' म्हणून तिने ताटातून तीन हिरव्या अळ्या माझ्याकडे ढकलल्या. बरणी, मलमलचं फडकं, रबरबँड, रोज ताजा पाला, सगळं साग्रसंगीत केलं. तिन्हींचे कोष झाले आणि तीन पिवळी धम्मक फुलपाखरं निघाली. कॉमन ग्रास यलो, म्हणजे युरेमा हेकाबी, अंगणात येताजाता दिसणारं. इथपर्यंत काहीच विशेष नाही.

मग डिसेंबरात नर्सरीतून आणलेल्या शिरीषाच्या रोपावर एक अळी मिळाली, तीही वाढवली. तिच्यातून निघालेलं फुलपाखरू बघून मी चमकलोच, कारण पिवळं तर होतं पण वरची काळी किनार एकदम बारीक, आणि पंख मिटून बसलं की पुढच्या पंखाच्या टोकाशी गंज चढल्यासारखा तपकिरी डाग. पहिल्या तिघांत तो डाग औषधालाही नव्हता.

माझा एक मित्र कॉलेजच्या लॅबमध्ये आहे, त्याला म्हटलं बारकोड करून दे, म्हणजे डीएनएतल्या एका ठरलेल्या जनुकाची अक्षरं वाचून प्रजाती ओळखायची. चौघांचा एकेक पाय दिला. तिघांचे पाय ९५ टक्के अल्कोहोलात होते, चौथ्याच्या वेळी ते संपलं होतं म्हणून टेबलावरचं सॅनिटायझर वापरलं (शिव्या नंतर घाला). सिक्वेन्स, म्हणजे ती वाचलेली अक्षरं, आल्यावर बोल्डच्या साइटवर (तिथे जगभरचे बारकोड साठवलेत) टाकले. पहिले तिन्ही हेकाबीशी ९९ च्या वर जुळले. चौथा ९६.४ टक्के!

आता दोन टक्क्यांच्या वर फरक असला की वेगळी प्रजाती असं सगळीकडे वाचतोय. कोस्टा रिकातली ती गोष्टपण वाचली, एकाच नावाखाली दहा प्रजाती निघाल्या आणि अळ्यांची झाडं वेगवेगळी होती. माझ्याकडेपण झाड वेगळं, रूप वेगळं, डीएनए वेगळा. तर मला नवीन प्रजाती सापडलीय का?

आणि दुसरी शंका. हेकाबी आफ्रिकेपासून जपान-ऑस्ट्रेलियापर्यंत सापडतं म्हणतात. एवढ्या पसरलेल्या फुलपाखराची ओळख एका जनुकाच्या ६५८ अक्षरांवरून कशी काय पटते? चिपळूणचं आणि ओकिनावाचं एकच कशावरून?

अळीमिळी_गुपचिळी

भिरभिऱ्या, पेपरवाल्यांना फोन केला नसशील तर करू नकोस 😀 दर पावसाळ्यात कुठल्यातरी गावात अॅटलास मॉथ दिव्यावर येतो आणि 'दुर्मिळ महाकाय फुलपाखरू आढळले' अशी बातमी येते, तो फुलपाखरू नाही, पतंग आहे हेसुद्धा कोणी बघत नाही. आपण त्या रांगेत जायला नको.

तू जे वर्णन केलंयस ते मला सरळ सरळ हिवाळी रूप वाटतंय. ग्रास यलोची पावसाळी आणि कोरड्या ऋतूतली रूपं वेगळी असतात. पावसात किनार जाड काळी आणि खालची बाजू बऱ्यापैकी स्वच्छ. दिवस लहान झाला, गारवा पडला की त्याच आईबापांच्या पोरांना बारीक किनार आणि खालून तपकिरी डाग येतात, वाळक्या पानांत लपायला बरं पडतं. अळीपणीच ठरतं ते. कॉमन इव्हिनिंग ब्राऊनचं तर याहून टोकाचं असतं, पावसात डोळ्यांसारखे ठिपके आणि उन्हाळ्यात निव्वळ वाळका पाला. तू तीन श्रावणात वाढवलेस आणि एक डिसेंबरात, म्हणजे झाड बदललं तसा महिनापण बदलला की रे!

आधी एक काम कर, पुढच्या पंखाची खालची बाजू बघ, मधल्या बंद कप्प्यात बारीक खुणा किती आहेत ते मोज. दोन असल्या तर हेकाबी, तीन असल्या तर थ्री-स्पॉट म्हणजे ब्लँडा, एकच असली तर वन-स्पॉट. हे सगळं शंभर टक्के चालतं असं नाही, खुणा कधी पुसट असतात, पण सुरुवात तिथून. आणि अळी एकटी होती की घोळका होता? ब्लँडा अंडी पुंजक्याने घालते आणि अळ्या पंगतीला बसल्यासारख्या एकत्र खातात, हेकाबी एकेक अंडं वेगवेगळं.

पिपेटवाली

माझं रोजचं कामच हे आहे (पुण्यात, कुठे ते विचारू नका) त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

दादा, ९६.४ हा आकडा बघून मला नवीन प्रजाती नाही आठवली, सॅनिटायझर आठवलं. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल कमी, पाणी आणि ग्लिसरीन वगैरे भरपूर, त्यात डीएनए लगेच मरतो असं नाही पण तुटायला लागतो. मग पीसीआर (डीएनएच्या नकला काढणं) कसाबसा होतो, सिक्वेन्स येतो, पण त्याची दोन्ही टोकं घाण येतात. मला सांगा, तुम्ही बोल्डवर काय टाकलंत? मित्राने पाठवलेली अक्षरांची फाइल जशीच्या तशी चिकटवलीत ना? क्रोमॅटोग्राम उघडून बघितलात का? ती रंगीत डोंगरांची फाइल असते. स्वच्छ सिक्वेन्समध्ये एकामागे एक सुटे सुटे डोंगर दिसतात, हिरवा लाल निळा काळा. सुरुवातीची तीस-चाळीस अक्षरं आणि शेवट जवळजवळ नेहमीच गाळ असतो, डोंगर एकमेकांवर चढलेले, पण मशीन तिथेपण काहीतरी अक्षर छापून मोकळं होतं. तो गाळ कापायचा असतो.

गणित करा. ६५८ अक्षरांचे दोन टक्के म्हणजे १३ अक्षरं. तुमचा ३.६ टक्के फरक म्हणजे २४ अक्षरं. आता ही २४ अक्षरं अख्ख्या सिक्वेन्समध्ये पसरलेली आहेत की सगळी टोकाला गर्दी करून बसलीयत, हा पहिला प्रश्न. खरा प्रजातींमधला फरक पसरलेला असतो, आणि बहुतेक वेळा कोडॉनच्या (प्रथिनाचा एकेक मणी ठरवणाऱ्या तीन अक्षरांच्या गटाच्या) तिसऱ्या अक्षरावर असतो कारण तिथे बदल झाला तरी प्रथिन तेच राहतं. टोकाला ढीग असेल तर तो कचरा.

दुसरं, एकाच दिशेने सिक्वेन्स केलाय का? पैसे वाचवायला बरेच जण तेच करतात. दोन्ही बाजूंनी केला की एकीकडचा गाळ दुसरीकडच्या स्वच्छ भागाने झाकला जातो.

तिसरं म्हणजे सिक्वेन्सचं प्रथिनात भाषांतर करून बघा. मधेच स्टॉप कोडॉन, म्हणजे 'इथे थांब' सांगणारा गट, आला तर समजायचं की हे खरं मायटोकॉन्ड्रियातलं (पेशीतल्या ऊर्जाघरातलं, बारकोड तिथलाच असतो) जनुक नसून केंद्रकात जाऊन पडलेली त्याची जुनी मेलेली नक्कल आहे. या नकला फार फसवतात, मूळ जनुकासारख्याच दिसतात पण दोनचार टक्के वेगळ्या, आणि लोक त्यावर नवीन प्रजाती जाहीर करून बसतात.

हे सगळं करून आकडा तोच राहिला तर मग बोलू. आणि पुढच्या वेळी पाय कोरडा ठेवा. छोट्या कागदी पाकिटात, सिलिका जेलसोबत. कोरडा पाय सॅनिटायझरमधल्या पायापेक्षा लाखपट बरा. फॉर्मलिनला तर हातच लावू नका, त्यात डीएनएची वाटच लागते.

भिरभिऱ्या_चिपळूण

ताई, घाम फुटला. ऑनलाइन एका साइटवर भाषांतर केलं आणि आठ ठिकाणी स्टॉप आला. आठ! म्हणजे मेलेली नक्कल? मग गंमत म्हणून पहिल्या तीन चांगल्या सिक्वेन्सचं पण केलं, तर त्यांच्यातपण आठच. चौघंही मेलेले कसे काय?

अळीमिळी, खुणा दोनच आहेत चौघांतही. आणि अळ्या एकट्या एकट्याच होत्या, पंगत नव्हती.

पिपेटवाली

हाहा, नाही, चौघंही जिवंत आहेत. तुम्ही साइटवर नेहमीची कोड तालिका ठेवलीत. कीटकांच्या मायटोकॉन्ड्रियाची भाषा थोडी वेगळी असते. आपल्या केंद्रकाच्या भाषेत टीजीए म्हणजे 'थांब', पण त्यांच्या भाषेत टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल. त्या साइटवर जेनेटिक कोड निवडायची यादी असते, त्यात पाचवा पर्याय घ्या, अपृष्ठवंशीय मायटोकॉन्ड्रिया. आठच्या आठ स्टॉप गायब होतील. मी स्वतः पहिल्या वर्षी हीच चूक करून गाइडकडे धावत गेले होते, त्यामुळे लाजू नका.

कृषी_निवृत्त_सांगली

बाळ भिरभिऱ्या, माझं क्षेत्र फुलपाखरं नाही, मी आयुष्यभर पिकांवरच्या अळ्याच बघितल्या, पण या बारकोडाचा आम्हाला जो अनुभव आला तो सांगतो.

२०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्ग्याकडे मक्यावर एक अळी सापडली. मूळची अमेरिकेतली, २०१६ ला आफ्रिकेत पोचलेली, आणि आता आपल्याकडे. स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, आपण अमेरिकन लष्करी अळी म्हणतो ती. त्याच वर्षी पावसाळा संपता संपता आमच्या सांगली भागात उसावर पण दिसली. आता मोठी अळी ओळखायला लॅब लागत नाही, डोक्यावर इंग्रजी वाय उलटा काढल्यासारखी पांढरी रेघ आणि शेपटाकडे चौकोनात चार काळे ठिपके, शेतकरी मक्याचा पोंगा उघडून एका नजरेत सांगतो. पण अंड्यातून नुकती बाहेर पडलेली अळी? ती आणि आपली नेहमीची तंबाखूवरची पाने खाणारी अळी, दोन्ही सारख्याच दिसतात, डोळे फुटले तरी कळत नाही. तिथे बारकोड खरा कामाला आला, पायसुद्धा नको, अख्खी बारकी अळीच द्यायची.

पण पुढची गोष्ट ऐक. या अळीचे दोन प्रकार मानतात, एक मक्यावरचा आणि एक भातावरचा, दिसायला अगदी एक. हाच तुमचा बारकोडचा जनुक वाचला तर आफ्रिकेतल्या आणि भारतातल्या बऱ्याच अळ्या भातवाल्या निघाल्या. लोक घाबरले, आता धानावर संक्रांत येणार म्हणून. प्रत्यक्षात अळ्या मका चरत बसलेल्या! मग दुसरा जनुक वाचला, टीपीआय नावाचा, लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावरचा, तर तो म्हणतो मकावाली. म्हणजे आईकडून मायटोकॉन्ड्रिया भातवाल्या कुळाचा आणि बाकी बिऱ्हाड मक्याचं. कधीतरी कुठेतरी दोघांचा संकर झालेला असणार. बारकोड फक्त आईचं माहेर सांगतो रे, अख्खं घराणं नाही.

ऑन्टारियोचा_पाहुणा

काकांचं 'आईचं माहेर' फार आवडलं, हे मी इकडे वापरणार आहे.

मी गेली काही वर्षं कॅनडात आहे, ग्वेल्फपासून जवळ, जिथे हे सगळं सुरू झालं. पॉल हेबर्ट आणि त्यांच्या मंडळींनी २००३ साली ग्वेल्फच्या आसपास पकडलेल्या २०० प्रजातींच्या पतंगांवर ही पद्धत करून दाखवली आणि सगळेच्या सगळे बरोबर ओळखले गेले. पण भिरभिऱ्याची जी दुसरी शंका आहे ना, तीच तेव्हा जगभरातून विचारली गेली. एका गावच्या दिव्यावर आलेले पतंग वेगळे ओळखणं सोपं आहे हो, कारण एका गावात बहुतेक वेळा जवळचे भाऊबंद कमी असतात. पण प्रजाती हजारो किलोमीटर पसरलेली असेल तर ठिकठिकाणी थोडं थोडं वेगळेपण साठत जाणार, आणि मग एका प्रजातीच्या दोन टोकांमधला फरक हा दोन वेगळ्या प्रजातींमधल्या फरकापेक्षा मोठा झाला तर?

यावर कामं झालीयत. मध्य आशियातल्या फुलपाखरांवर २००९ मध्ये एक आलं, त्यात दिसलं की दूरदूरचे नमुने घेतले की प्रजातीतल्या आतला फरक वाढतो खरा, पण ओळख पटायला त्याने फार अडत नाही. आणि २०१४ चं मला जास्त आवडतं, ऑस्ट्रिया आणि फिनलंड, मधे साधारण १६०० किलोमीटर, दोन्हीकडे सापडणाऱ्या हजारेक प्रजाती घेऊन तुलना केली. बहुतेकांत अंतराचा परिणाम किरकोळ निघाला. आल्प्समधला पतंग आणि फिनलंडमधला पतंग, बारकोड जवळजवळ तोच. काही प्रजाती मात्र दोन्ही देशांत चांगल्याच वेगळ्या निघाल्या, दोन टक्क्यांच्या वर, आणि त्या आता नीट तपासायच्या यादीत गेल्या. म्हणजे पसरलेल्या प्रजातींतला बारकोड हा बरेचदा चाळणीसारखा वापरतात, कोणाकडे लक्ष द्यायचं ते कळतं.

पण लक्षात घे, युरोपात हे जमतं कारण तिथे शंभर-दीडशे वर्षं गल्लोगल्ली लोकांनी पतंग टोचून ठेवलेत आणि त्यातले बहुतेक आता बोल्डवर आहेत. आपल्याकडची भरती अजून खूप कमी. त्यामुळे तुझ्या सिक्वेन्सला 'सगळ्यात जवळचा' म्हणून जो दाखवला तो खरंच सगळ्यात जवळचा आहे, की फक्त हजेरीपटावर असलेल्यांतला जवळचा आहे, हे आधी बघ. कोणत्या देशातून आलाय, नमुन्याचा फोटो लावलाय का, नाव कोणी दिलं. इतर सार्वजनिक डेटाबेसमध्ये तर चुकीच्या नावांचे सिक्वेन्स ढिगाने आहेत, एकाने चुकीचं नाव दिलं की पुढचे दहाजण त्याच्याशी ९९ टक्के जुळवून तेच नाव लावतात.

पसरलेल्या फुलपाखराचं एक भारी उदाहरण देतो, लिंबावरचं. पॅपिलिओ डेमोलियस, ज्याची अळी लहानपणी पक्ष्याच्या शिटासारखी दिसते, विदर्भातल्या संत्रावाल्यांना विचार. हे २००४ साली कॅरिबियनमध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये अचानक सापडलं. तिथे ते कधीच नव्हतं. याच जनुकावरून बघितलं तर ते आग्नेय आशियाकडच्या कुळाचं निघालं. म्हणजे पसरलेल्या प्रजातीत जागोजागचा जो थोडा फरक असतो तो काही वेळा त्रासाचा न ठरता उलट पत्ता सांगतो.

जुना_मायक्रोस्कोप

वर सगळ्यांनी छान लिहिलंय, पण एक गोष्ट कोणीच ठणकावून बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. टक्क्यावरून प्रजाती ठरत नाही. दोन टक्के ही काही दगडावरची रेघ नव्हे. पश्चिम आशियात निळ्या फुलपाखरांचा एक गट आहे, अॅग्रोडायेटस, त्यातल्या काहींत गुणसूत्रांच्या १० जोड्या आणि काहींत १३४, एवढा जमीन-अस्मानाचा फरक, पण २००७ मध्ये त्यांचे बारकोड पुरेसे नमुने घेऊन बघितले तर प्रजातीतला फरक आणि प्रजातींमधला फरक एकमेकांवर चढलेले. मधे जी मोकळी जागा असते म्हणतात ती नाहीच. नमुने कमी घेतले की ती जागा दिसते, वाढवले की भरून जाते.

आणि तुमची ती कोस्टा रिकाची गोष्ट. २००४ ला 'एकात दहा' म्हणून गाजली, आणि गाजायला हवीच होती, कारण तिथे ग्वानाकास्तेत वर्षानुवर्षं रानातून अळ्या आणून वाढवल्या, कोणती अळी कशी दिसते, काय खाते, सगळ्याची नोंद होती. बारकोड त्यावर नंतर बसवला. तरीही २००६ मध्ये ब्रोवर या संशोधकांनी तोच डेटा पुन्हा चाळून म्हटलं की किमान तीन आणि जास्तीत जास्त सात गट पटतात, दहा नाही. आता जिथे इतक्या अळ्या वाढवूनसुद्धा दहा की सात यावर वाद होतो तिथे तुमची एक शिरीषावरची अळी, एक पाय, एक सॅनिटायझर.

मी अजूनही पोटाचं टोक कापून गरम पोटॅशमध्ये घालतो आणि जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. हात घाण होतात, वेळ जातो, पण बऱ्याच पतंगांत तेच बोलतं. ज्यांच्यात ते बोलत नाही तिथे बारकोड. दोन्ही एकत्र असले तर सोन्याहून पिवळं, आणि तुमच्या बाबतीत शब्दशः पिवळं.

आणखी एक. फुलपाखरांना हात लावताना कायदा बघा. वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत असलेली फुलपाखरं परवानगीशिवाय पकडायची नाहीत, आणि अभयारण्यात तर साध्या पिवळीलाही हात लावायचा नाही. पाय पाकिटात घालून परदेशातल्या ओळखीच्या लॅबला पोस्टाने पाठवायचा उद्योग तर अजिबात नको, २००२ च्या जैवविविधता कायद्यात त्याला परवानगी लागते. घरच्या टाकळ्यावरची ग्रास यलो ठीक आहे.

पिपेटवाली

मायक्रोस्कोप काकांशी ९० टक्के सहमत. उरलेल्या १० टक्क्यांत मी म्हणेन की जननेंद्रियं बघायला पूर्ण वाढलेलं फुलपाखरू लागतं, अळी किंवा तुटका पंख आला की तुम्ही काय करणार 🙂

बरं, हेकाबीचा विषय निघालाच आहे तर जपानची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण भिरभिऱ्यादादांनी ओकिनावाचं नाव सहज घेतलं आणि नेमकं तेच ठिकाण निघालं. तिथे हेकाबी म्हणून एकच ग्रास यलो समजायचे. बारकाईने बघणाऱ्यांच्या लक्षात आलं की पंखाच्या कडेला जी केसांची झालर असते ती काहींत पिवळी आणि काहींत तपकिरी, दोघांचं राहणं-खाणंपण वेगळं. आता पिवळी झालरवालीला वेगळी प्रजाती मानतात, युरेमा मँडरिना. मग बारकोडवर लगेच कळायला हवं ना? नाही कळलं. मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकांवरून वंशावळीचं झाड काढलं तर ते प्रजातीप्रमाणे फुटेना. दक्षिणेकडच्या मँडरिना जाऊन हेकाबीच्या फांदीवर बसल्या. कारण वोल्बाकिया. हा कीटकांच्या पेशीत राहणारा बॅक्टेरिया, आईच्या अंड्यातून पोरांत जातो. मायटोकॉन्ड्रियापण आईच्या अंड्यातूनच जातात. म्हणजे दोघं एकाच डब्यातले प्रवासी. वोल्बाकिया अशा काही करामती करतो की लागण झालेल्या माद्यांचीच पिल्लं जास्त जगावीत, मग काही पिढ्यांत लागण सगळीकडे पसरते, आणि तिच्यासोबत त्या पहिल्या मादीचे मायटोकॉन्ड्रिया पण सगळीकडे. मधे एखादा संकर झाला की एका प्रजातीचे मायटोकॉन्ड्रिया दुसरीत शिरून ठाण मांडतात. केंद्रकातली जनुकं वाचली, त्यात काकांचा तो टीपीआय पण होता, तर दोघी सरळ वेगळ्या झाल्या. २००६ चं काम आहे.

तर बारकोडने ग्रास यलोत दोन्हीकडून फसवायची सोय करून ठेवलीय. वेगळं दिसणारं एक निघू शकतं आणि एक दिसणारं वेगळं. मी माझ्याकडे आलेल्या प्रत्येक विचित्र नमुन्यात वोल्बाकियाची टेस्ट करते, तेच डीएनए वापरून वेगळ्या प्रायमरने (कुठला तुकडा वाढवायचा ते ठरवणाऱ्या डीएनएच्या छोट्या पट्टीने) एक पीसीआर, फार काही लागत नाही.

अळीमिळी_गुपचिळी

डब्यातले प्रवासी 😂 आणि हा वोल्बाकिया ग्रेट एगफ्लाय फुलपाखरात नर मारतो ना? सामोआच्या बेटांवर २००१ मध्ये शंभरात एक नर उरला होता म्हणे आणि पाचेक वर्षांत फुलपाखरांनीच त्याच्यावर तोड काढली, नर परत आले. आपल्याकडे बागेत येणारं तेच ते एगफ्लाय. मी दरवर्षी आमच्या कुंडीतल्या एगफ्लायचे नर-मादी मोजतो, अजून तरी दोन्ही आहेत.

भिरभिऱ्या_चिपळूण

आलो. उशीर झाला, मित्राच्या मागे लागून मूळ क्रोमॅटोग्रामची फाइल मिळवायला आठवडा गेला.

ताई, तुम्ही म्हणालात तेच. फाइल उघडली तर पहिल्या चाळीसेक अक्षरांत डोंगर नाहीतच, नुसती चिखलात लोळलेली म्हैस. शेवटीपण तसंच. दोन्ही टोकं कापली, एका ठिकाणी मशीनने जी छापलं होतं तिथे स्पष्ट हिरवा डोंगर होता ते ए केलं, ५८० अक्षरं उरली. पाचवी तालिका लावली, एकही स्टॉप नाही. मग परत बोल्डवर टाकलं: ९९.७. पहिल्या तिघांशी समोरासमोर लावून बघितलं तर दोन अक्षरांचा फरक, दोन्ही कोडॉनच्या तिसऱ्या जागी. ते ९६.४ सगळं सॅनिटायझरचं होतं.

म्हणजे टाकळ्यावरची आणि शिरीषावरची दोन्ही हेकाबीच, आणि डाग हिवाळ्याचा. मित्र आता तोंड लपवतोय कारण त्याने आधीच त्याच्या मॅडमना 'काहीतरी वेगळं सापडलंय' म्हणून सांगून टाकलं होतं.

ऑन्टारियोदादा, तुम्ही सांगितलं तसं जुळलेल्या नोंदी उघडून बघितल्या. वरच्या वीसमध्ये भारतातल्या मोजून तीन, बाकी सगळ्या पूर्वेकडच्या. त्यातल्या एकीला फोटोच नाही. ताई, वोल्बाकियाची टेस्ट मित्राला करायला लावलीय, प्रायमर मागवलेत म्हणतो, मी यावेळी चार कोरडे पाय पाकिटात घालून दिलेत.

मायक्रोस्कोप काका, एक विचारायचं होतं. ऋतूचं खरंच आहे का हे बघायला मी यंदा एकाच मादीची अंडी निम्मी जूनमध्ये आणि… नाही, एका मादीची अंडी एवढे महिने ठेवणार कुठे. मग एकाच मादीच्या अळ्या दोन बरण्यांत, एक खिडकीत आणि एक दिवसाचे दहाच तास उजेड मिळेल अशा खोक्यात थंड जागी, असं केलं तर चालेल का? खोकं बुटाचं आहे. सध्या शिरीषाच्या रोपावर दोन अंडी दिसतायत, उभी, पांढरी, भाताच्या बारीक कणीएवढी, आणि एकेकटी, वेगवेगळ्या पानांवर. आई म्हणते तो पाला तोडू नकोस, रोप आधीच अर्धं खाऊन झालंय.

पिपेटवाली

बुटाचं खोकं चालेल, फक्त बूट नवीन असू देत. रंगाचा आणि चामड्याचा वास असेल तर चार दिवस उन्हात ठेवा. आणि दोन अंड्यांवर काही कळणार नाही, निदान दहा-दहा अळ्या हव्यात दोन्हीकडे. मादीला जाळीच्या पिंजऱ्यात शिरीषाच्या फांदीसोबत बसवा, ऊन लागेल असं ठेवा आणि कापसाला मधाचं पाणी, बहुतेक दुपारपर्यंत घालायला लागेल.